जेवणाआधीची प्रार्थना

७ जानेवारी

ताई,

आणि बाबांना हेही सांग, की मी गाडी चालवतो. गाडी. उपदेश करत नाही, पत्रकं वाटत नाही, टाळ्या वाजवून गात नाही. "ज्याच्या तोंडून एक आमेन निघालं नाही, तो आता मिशनचं मीठ खातोय", असं ते म्हणाले आणि तू ते जसंच्या तसं उतरवून धाडलंस. एवढी आज्ञाधारक कधीपासून झालीस? थोडं गाळायचंस. चहा गाळतेस ना.

बर्फाच्या कारखान्यात मुकादमाशी वाजलं ते मागे लिहिलं होतं. त्यानंतर हात हलवत फिरत होतो, तेव्हा या सेवापथकाला ड्रायव्हर हवा होता. शहरातल्या एका चर्चच्या मंडळीनं पथक पाठवलंय, इकडे डोंगराकडच्या दगडखाणींच्या वस्त्यांत. पथक म्हणजे मोठं काही समजू नकोस. एक पाळकसाहेब, एक नर्सबाई आणि मी. घरोघर जायचं, आजारी माणसापाशी बसायचं. नर्सबाई जखमा धुतात, गोळ्या देतात. पाळकसाहेब डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. मी बाहेर उभा राहून गाडीच्या आरशाला पोरांना हात लावू देत नाही. एवढंच माझं मिशन. यात बाबांना खुपण्यासारखं काय आहे?

ते मला विसरत नाहीत, मीही त्यांना विसरत नाही. आमेन व्हायच्या आधी एक घास तोंडात टाकला, तर माणसानं पुढ्यातलं ताट ओढून घेतलं. जेवणाची प्रार्थना तोंडानं म्हणता येईल त्या दिवशी या ताटावर ये, म्हणाले. मीही म्हणालो, बरं, मग दुसरीकडे जेवतो. दोन वर्षं होत आली. दुसरीकडेच जेवतोय. काही मेलो नाही.

आता एक गोष्ट लिहितो, ती त्यांना वाचून दाखवू नकोस. नाहीतर दाखव. तुझं तू ठरव.

परवा गाडीचा सायलेन्सर सुटला. खाली शिरून तारेनं बांधला आणि चिखलात लोळून बाहेर आलो तो कुडकुडत. पाळकसाहेबांनी अंगातला काळा कोट काढून माझ्या अंगावर चढवला. माणूस उंच आहे, कोट माझ्या गुडघ्याला लागतो. ते दोघं एका घरात गेले, मी हात पुसत उभा. तेवढ्यात पलीकडच्या चाळीतली एक बाई आली, साहेब आमच्याकडेही या म्हणाली, आणि मी नाही नाही म्हणेपर्यंत मनगटाला धरून आत घेऊन गेली. कोट बघून तिनं मलाच पाळक समजलं.

आत एकच खोली. वर पत्रा. दगडाची पांढरी भुकटी सगळीकडे, उशीवर, भांड्यांवर, झाकण ठेवलेल्या पाण्यावरसुद्धा. खाटेवर तिची सासू. अंग कसं म्हणू, वाळत घातलेल्या कपड्यासारखं. सून म्हणाली, तोंडच उघडत नाही, पाण्यावर आहे. म्हातारीनं माझा हात धरला. बोटांना ग्रीस लागलेलं होतं, तिला त्याचं काही नाही. म्हणाली, म्हणा.

ताई, मला काय येतं? मला आयुष्यात एकच प्रार्थना पाठ आहे, तीही म्हणून नाही, ऐकून. तीच म्हणालो. डोळे मिटले आणि बाबांचा आवाज काढल्यासारखा म्हणालो. "प्रभू, ताटात जे आहे ते तुझ्या हातचं. जे नाही, त्याची तक्रार नाही. खाणाऱ्याच्या तोंडाला चव दे, वाढणाऱ्याच्या हाताला बळ दे, आणि आज आमच्यातलं कुणी उपाशी निजू देऊ नकोस. आमेन."

डोळे उघडले तर म्हातारी सुनेकडे बघत होती. म्हणाली, अगं, हे जेवायला बसलेत, तू वाढलं नाहीस काय? आणि मग आपणच म्हणाली, मलाही दे थोडं. सुनेनं दुधात पाव बुडवून दिला. खाल्ला तिनं. सून दाराआड जाऊन रडली आणि मी कोटासकट पळालो.

नर्सबाईंना सांगितलं तर त्या हसून हसून गाडीच्या पायरीवर बसल्या. पाळकसाहेब हसले नाहीत. त्यांनी ती प्रार्थना मला पुन्हा म्हणायला लावली. कुणाची आहे विचारलं. मी म्हणालो, आमच्या घरात एकजण आहेत, त्यांची.

पैसे नेहमीचे पाठवलेत, आठशे. तुझं शाळेच्या कपड्यांचं शिवणकाम चालू आहे ना?

धाकट्या


२५ जानेवारी

धाकट्या,

पत्र मिळालं, पैसेही. बाबांना वाचून दाखवलं. सगळं दाखवलं, तू नको म्हटलेलंसुद्धा. तुला माहीतच होतं की मी दाखवणार.

बाबा म्हणाले, आजाऱ्याच्या उशाशी जेवणाची प्रार्थना म्हणणारा हा जगातला पहिलाच गाढव. हसले बरं का. मग म्हणाले, उशाशी म्हटलेली धरत नाही, ताटावर म्हण.

म्हातारी कशी आहे ते कळव. पुढे जेवते का?

माझी शिलाई जोरात आहे. शाळेच्या गणवेशाच्या पाच डझन विजारी आल्यात, सगळ्या एकाच मापाच्या, जणू एकाच मुलाला एकशेवीस पाय आहेत. अंगठ्याला ब्लेड लागलंय म्हणून अक्षर वाकडं आलंय, काळजी करू नकोस. बाबांचा पाय जरा कुरकुर करतो. बाकी ठीक.

स्वेटर घाल. दुसऱ्याचा कोट किती दिवस पुरणार?

ताई


१६ फेब्रुवारी

ताई,

बाबा हसले? कधीपासून? जन्मभरात मी त्या माणसाला एकदाच हसताना पाहिलंय, ते मी विहिरीच्या कठड्यावरून शेणात पडलो तेव्हा. आणि "ताटावर म्हण" हे काय? म्हणजे अजून तोच हट्ट. मी इतक्या लांब, अनोळखी म्हातारीपुढे त्यांचे शब्द म्हटले, तेही पुरत नाही. त्यांच्या ताटावर, त्यांच्यासमोर, मान खाली घालून. मी नाही म्हणत, जा, असं सांग त्यांना.

म्हातारी जेवते. उठून बसते. पण त्यामुळे माझ्या डोक्याला ताप झालाय. वस्तीभर बोभाटा झाला. आता गाडी थांबली की लोक पाळकसाहेबांना सोडून माझ्याकडे येतात. कोटवाला म्हणतात मला. कोट परत केला तरी कोटवालाच. पाळकसाहेबांचा मोठेपणा बघ, रागावले नाहीत. म्हणाले, लोकांना तुझे शब्द समजतात, माझे लांबतात, तूही आत येत जा. आणि तो कोट त्यांनी पुन्हा माझ्याच अंगावर घातला. नर्सबाईंचं मात्र बिनसलंय. त्या म्हणतात, माझी गोळी पोटात गेल्यावर अर्ध्या तासानं हा येतो, हात ठेवतो, आणि ताप उतरला की नाव याचं.

पण खरं सांगू? बरं वाटतं, ताई. आजवर जिथं गेलो तिथं, ए इकडे ये, ए हे उचल. इथं म्हातारी माणसं उठून बसायला बघतात मी आत आलो की. एकजण तर मला खुर्ची पुसून देतो. मला. ज्याला शाळेतून सहावीत काढला.

इथं एक न्हावी आहे. खाणीच्या फाटकासमोर टपरी. एक आरसा, एक खुर्ची, तिला उशी म्हणून जुनं टायर. दगडाच्या भुकटीनं भरलेली डोकी दिवसभर कापतो. बोलका असा, की गिऱ्हाईक दाढी झाल्यावरही उठत नाही. म्हणतो, इथं माणूस कापायच्या आधी झटकावा लागतो. त्याच्या पायाला जखम झालीय, टाचेला. साखर आहे त्याला. नर्सबाईंनी पट्टी सोडली तेव्हा मी तोंड फिरवलं. त्या म्हणाल्या, उद्याच्या उद्या मोठ्या दवाखान्यात, गाडी तयार ठेव. न्हावी म्हणाला, आधी कोटवाल्याला म्हणू दे. मी म्हटली. त्याची बायको रडली, तो पोटभर जेवला, झोपला. सकाळी गाडी दारात नेली तर हा टपरीवर उभा, एका पायावर भार देऊन, कुणाची तरी मान भादरतोय. म्हणाला, उतार पडलाय, आता दवाखाना कशाला, तिथं गेलो तर गिऱ्हाईक तुटेल. नर्सबाईंनी माझ्याकडे बघितलं, की तू सांग याला. मी म्हणालो, बघू दोन दिवस. आता तो खरंच हसत होता, ताई. त्याला काय सांगणार?

नर्सबाई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. निवळेल.

आठशे पाठवलेत.

धाकट्या


१० मार्च

धाकट्या,

पत्र काल मिळालं, वाटेत कुठं अडकलं होतं कोण जाणे. आजच उत्तर टाकतेय.

त्या न्हाव्याला गाडीत घाल. विचारत बसू नकोस. टपरी बंद करायला लाव, खुर्चीसकट उचलून ने, पण ने. बाबा म्हणतात, प्रार्थना कुठं पळून जात नाही, ती दवाखान्याच्या दारातही म्हणता येते. आज निजून उद्या बघू असं म्हणायचं नसतं. बरं वाटतंय म्हणाला म्हणून सोडून द्यायचं नसतं.

मी हे का लिहितेय विचारू नकोस. नर्सबाईंचं ऐक. त्यांची माफी माग, आणि ऐक.

बाकी काही लिहीत नाही. हे पत्र लवकर पोचू दे.

ताई


२ एप्रिल

ताई,

तुझं पत्र पोचलं तेव्हा पाय गेला होता.

गुडघ्याखालून. दोन दिवस बघू म्हणालो, त्याचे पंधरा झाले. मधल्या दिवसांत आम्ही वरच्या वस्त्यांत होतो, रस्ता खचला होता. परत आलो तर टपरीला फळी लावलेली. घरात गेलो तर वासानं दारातच थांबलो. नर्सबाई थांबल्या नाहीत. त्यांनी पट्टी सोडली आणि माझ्या हातात फक्त गाडीची चावी ठेवली. मोठ्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता तू पाहिलेला नाहीस. प्रत्येक खड्ड्याला तो आई गं म्हणायचा आणि मग आरशातून माझ्याकडे बघून हसायचा, मला वाईट वाटू नये म्हणून. डॉक्टर म्हणाले, पहिल्याच दिवशी आणला असता तर टाचेवर भागलं असतं.

न्हावी उभ्यानं काम करतो, ताई. दिवसभर, एका खुर्चीभोवती गोल फिरून. हे मला आत्ता कळलं असं नाही. कळत होतं. बघू दोन दिवस म्हणालो तेव्हाही त्याच्या पायाकडेच बघत होतो.

पाळकसाहेबांनी मला बाजूला बसवून सांगितलं, दोष माझा आहे, कोट तुझ्या अंगावर दुसऱ्यांदा मी चढवला. मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कोट घडी करून त्यांच्या गादीवर ठेवला. गाडी तेवढी चालवतो. लोक येतात, कोटवाले चला म्हणतात, मी बोनेट उघडून आत डोकं घालतो.

न्हाव्याकडे रोज जातो. वॉर्डात दोन्ही बाजूंना खाटा, मध्ये चालायला जागा एवढीशी. पहिल्या दिवशी गेलो तेव्हा त्यानं हात पुढे केला, म्हणा म्हणाला. मला शब्द फुटेना. पाठ आहे, बापजन्मी विसरणार नाही, पण फुटेना. तेवढ्यात नर्सबाई आल्या. मला वाटलं आता जोड्यानं मारतात. त्या म्हणाल्या, "बोलू नकोस. बस नुसता. तेही काम आहे." मग बसलो. बसायला किती त्रास होतो ते मला माहीत नव्हतं. मी कुठं बसलोय जन्मात? पाय हलतात, बोटं हलतात. त्याची राहिलेली अर्धी पोटरी चादरीखाली, तिकडे बघायचं नाही असं ठरवून बसायचं.

तोच कंटाळला शेवटी. म्हणाला, नुसतं बसून माझी खाट गरम करतोस, त्यापेक्षा हात दे. टपरीतला वस्तरा आणि साबण आणायला लावला. आता तो उशीला टेकून सांगतो आणि मी वॉर्डातल्या लोकांच्या दाढ्या करतो. पहिल्या दोघांना कापलं. तिसऱ्यानं मला बघून डोक्यावरून चादर ओढली. आता जमतं. आजारी माणसाची दाढी वेगळी असते. कातडी सैल पडते, मान धरता येत नाही, थांब म्हणताही येत नाही त्याला. न्हावी म्हणतो, तोंडावर नको बघूस, डोळ्यांवर बघ, लागायच्या आधी डोळा सांगतो.

काल त्यानं सहज विचारलं, तुझ्या बापाची दाढी कोण करतं? मी म्हणालो, ते स्वतः करतात, आरशापुढे, गाल फुगवून, कुणाला बाजूला उभं राहू देत नाहीत. मग रात्री आठवलं, तू मागे लिहिलं होतंस, अंगठ्याला ब्लेड लागलं. शिलाई उसवायला तू कात्रीचं टोक वापरतेस. ब्लेडची तुला लहानपणापासून भीती.

बाबांचा पाय फक्त कुरकुरतोय ना? त्यांची दाढी कोण करतं, ताई?

पैसे आठशे. न्हाव्याला द्यावेत असं मनात होतं, त्यानं घेतले नाहीत. शिवी दिली.

धाकट्या


२० एप्रिल

धाकट्या,

मी करते.

तू घर सोडून गेलास त्याच्या दुसऱ्या महिन्यापासून मीच करते. एका संध्याकाळी बाबा ताटावर बसले होते, प्रार्थना म्हणत होते. "ताटात जे आहे ते" इथपर्यंत नीट आले आणि पुढचे शब्द तोंडातच चिखल झाले. उजवा हात भातात पडला. मला वाटलं, तू गेल्याचं मनाला लावून घेतलंय, दमलेत. तोंड पुसलं, निजवलं, म्हटलं उद्या बघू. सकाळी नेलं. डॉक्टर तुझ्या डॉक्टरांसारखंच बोलले. म्हणून तुझ्या न्हाव्याचं वाचून दुसऱ्याच दिवशी ते पत्र टाकलं. विचारू नकोस म्हटलं होतं ते का, हे आता तुला कळलं असेल.

तेव्हापासून ते बोललेले नाहीत. एक शब्दही नाही. उजवी बाजू गेली. डावा हात चालतो, डावा डोळा चालतो, कान शाबूत आहेत.

म्हणजे बाबा म्हणाले, बाबा म्हणाले असं जे जे मी लिहिलं ते सगळं माझं. मिशनचं मीठ माझं. जगातला पहिला गाढव माझं. तुला वाटेल ताईनं फसवलं. फसवलंच.

पहिल्यांदा मी खरं तेच लिहायला बसले होते. कागदावर लिहिलंही, की बाबांना झटका आलाय, ये. मग वाटलं, तू धावत येशील, त्यांच्या वाकड्या तोंडाकडे बघशील, तुझ्या डोळ्यांत दया येईल, आणि त्या माणसाला दुसरं काहीही चालेल, तुझी दया चालणार नाही. तो कागद फाडला. त्यांच्या वतीनं दोन टोमणे लिहून टाकले. तर तुझं पाच पानी उत्तर आलं, शिव्यांनी भरलेलं. मी ते वाचून दाखवत होते तेव्हा बाबांनी डावा डोळा बारीक केला, तू खोटं बोललास की करायचे तसा. झटका आल्यापासून पहिल्यांदा ते कुणाचं तरी ऐकत होते. मग मला ती सवयच लागली. तू भांडायचास, मी वाचायचे, ते ऐकायचे. घरात माणसं आहेत असं वाटायचं.

तुझं जानेवारीचं पत्र वाचलं त्या दिवशीची गोष्ट सांगते. जेवण भरवायच्या वेळी प्रार्थना मी म्हणत असे, रोज. ते तोंड मिटून बसायचे. अर्धा अर्धा तास. चमचा ओठाला लावून हात दुखायचा. त्या दिवशी तुझं म्हातारीचं पत्र वाचताना मी त्या प्रार्थनेपाशी आले, आमेन वाचलं, आणि बघते तर तोंड उघडलेलं. मी घाईनं चमचा दिला. दुसऱ्या दिवशी नुसती म्हटली, तर पुन्हा मिटलेलं. तुझा कागद समोर धरला, तेव्हा उघडलं. आता दोन्ही वेळा कागद धरूनच वाचते. मला पाठ आहे, तरी कागद लागतो. तुझं अक्षर दिसावं लागतं. दुधाचे डाग पडलेत, घडीवर फाटत होता, म्हणून मागून विजारीच्या कापडाचा तुकडा लावून चारी बाजूंनी शिवून घेतलाय. तुझं एक पत्र आपल्या घरी असं अस्तर लावून टांगलंय.

त्यांना काय म्हणायचंय ते मला माहीत नाही. आता त्यांच्या नावानं काही लिहिणार नाही. ये असंही लिहीत नाही. येऊन त्यांचं तोंड सरळ होणार नाही, आणि औषधांना तुझेच आठशे लागतात, हेही खरं आहे. नेहमीप्रमाणे पाठवत राहिलास तरी घर चालतं.

त्या न्हाव्याला माझा सलाम सांग. वस्तरा धरायचं त्यांच्याकडून मलाही शिकायला हवं होतं.

ताई


४ मे

ताई,

आठवडाभर तुझ्यावर खदखदत होतो. दोन पत्रं लिहिली, दोन्ही फाडली. एकात तुला खोटारडी म्हटलं होतं, दुसऱ्यात त्याहून वाईट. मला दया आली असती, हे तू कोण ठरवणार? मी राग घेऊन आलो असतो. राग घेऊन का होईना, आलो असतो. दीड वर्ष त्यांच्या तोंडात घास जात नव्हता आणि मी कारखान्यात बर्फाच्या लाद्या ओढत म्हणत होतो, काही मेलो नाही.

मग तुझी सगळी जुनी पत्रं काढली. गाडीच्या सीटखाली आहेत, जॅकशेजारी. बाबा म्हणाले, बाबा म्हणाले, एकेक करून परत वाचलं, पण या वेळी तुझ्या आवाजात. तू भारी भांडतेस, ताई. मला दोन वर्षं कळलं नाही. एका ठिकाणी मात्र अडकलो. "उशाशी म्हटलेली धरत नाही, ताटावर म्हण." मला तो टोमणा वाटला होता. तू बोलावत होतीस. तुला सरळ ये म्हणता येत नव्हतं, म्हणून त्यांच्या तोंडून म्हणालीस, आणि मी "नाही म्हणत, जा" म्हणून कळवलं.

न्हाव्याला सगळं सांगितलं. त्यानं उशाचा साबण उचलून माझ्या हातात दिला. मग स्वतःचा गाल एका बाजूला सैल सोडला, डोळा मिटला, लाळ गळतेय असं केलं आणि म्हणाला, कर माझी. झटका आलेल्या माणसाची अशी करायची. पडलेल्या बाजूनं सुरुवात करायची, दोन बोटांनी कातडी गालाच्या हाडाकडे ओढून धरायची, ओठाच्या कोपऱ्याशी वस्तरा आडवा नाही न्यायचा. तू बहुतेक आडवा नेतेस, म्हणून तुझा अंगठा मध्ये येतो. मी येईपर्यंत तो कोपरा सोडून दे. वाढू दे.

त्यानं मला त्याचा जुना वस्तरा दिला. त्याचा पुतण्या आता टपरी बघणार आहे, आणि याच्यासाठी उंच स्टूल करायला टाकलंय, फिरतं. म्हणतो, आता मी नाही फिरणार, गिऱ्हाईक फिरवणार. मला हसू आलं नाही. त्यानं माझ्याकडून प्रार्थना मात्र म्हणवून घेतली, निरोपाची म्हणून. मी म्हणालो, मला जेवणाचीच येते. म्हणाला, मग जेवणाची म्हण, ताट काय, येतंच आहे. म्हटली. त्याचा पाय नाही, माझ्या प्रार्थनेनं गेला, आणि तो आमेन म्हणाला. हे मी कुठं ठेवू ते मला कळत नाही. पाळकसाहेबांना विचारलं, त्यांनाही कळत नाही. तसं त्यांनी सांगितलं, म्हणून ते मला आवडतात.

पथक सोडलंय. नर्सबाईंना सांगायला गेलो तर त्या सुया उकळत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "बरं करायला जाऊ नकोस. जेवायला जा." मग दोन पट्ट्या आणि एक मलम पुडीत बांधून दिलं, बाबांच्या पाठीला पडून पडून जखमा झाल्या असतील तर म्हणून. झाल्यात का? तू लिहिलं नाहीस, पण आता मी विचारायला शिकलोय. कुशीवर वळवत जा, दर दोन तासांनी, तू एकटी असशील तर चादर धरून वळव, हाताला धरून नको.

बाबांना आधी सांगू नकोस मी येतोय ते. नाहीतर सांग. नाहीतर हे पत्रच वाचून दाखव आणि डावा डोळा बघ, बारीक होतो का. मी येऊन काय करणार ते मला माहीत नाही. एका जागी बसायला थोडं शिकलोय, तेवढं करीन. त्यांनी डाव्या हातानं माझं ताट ओढलं तर ओढू दे. मध्ये पडू नकोस. मी ताटावर म्हणेन, पूर्ण, घास न घेता. माझ्या तोंडून ऐकून त्यांनी तोंड उघडलं नाही तर तो तुझा शिवलेला कागद हाताशी असू दे, फेकू नकोस. माझ्यापेक्षा माझ्या अक्षरावर त्यांचा विश्वास जास्त असेल तर असू दे.

आणि दारात आलो की त्यांच्या वतीनं तू मला एक शिवी दे. नेहमीची. नाहीतर मला घर ओळखू येणार नाही.

औषधांना पैसे कमी पडतील हे माहीत आहे. दुकानदाराला थोडं थांबव, मी आल्यावर त्याच्याशी बोलतो, तिकडे कुणाला तरी ड्रायव्हर लागतच असेल. मुदतीआधी सोडल्यामुळे पगार कापला, आणि उरलेल्यातून तिकीट काढलं, फक्त यायचं, परतीचं काढलं नाही. जे राहिलं ते खिशात ठेवलं तर वाटेत उडेल, मी मला ओळखतो, म्हणून पोस्टानं पुढं पाठवतोय. आठशे नाहीत या वेळी, ताई. एकशे चाळीस.